तुम्ही कोणता ब्राउझर वापरता, आणि तो तुम्ही स्वतः निवडलाय का?

बेदाणा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, हा माझा पहिलाच धागा. वय १९, सांगलीत कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव तासगाव तालुक्यात, घरची द्राक्षबाग.

माझा दिवस ब्राउझरमध्येच उगवतो आणि मावळतो. सकाळी सहाच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली की फोनवर फायरफॉक्स, कारण फोनवरही त्यात जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन चालतं आणि महिन्याचा डेटा पुरतो. कॉलेजच्या लॅबमध्ये क्रोम. घरी मामांनी दिलेला जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅमचा. दोन ब्राउझर एकदम उघडले की पंखा असा घुमतो की आई शेजारच्या खोलीतून विचारते, ‘मोटर लागली का रे?’

हा नाद लागला आठवीत. शाळेच्या कॉम्प्युटरवर सरांनी पानावर राइट क्लिक करून ‘व्ह्यू पेज सोर्स’, म्हणजे पानामागचा कोड, दाखवलं. आप्पा पाण्याची मोटर खोलून बसतात तेव्हा मी शेजारी बसून बघत असतो, तसंच वाटलं. चालू वस्तू, समोर उघडी करून ठेवलेली. फोनमधल्या ॲपच्या आत कुणी असं डोकावू देत नाही. मला जे थोडंफार येतं ते क्लासला न जाता, तसाच कोड उघडणारी एफ१२ कळ दाबून दाबून आलंय.

सध्या आप्पांसाठी एक पान केलंय. तासगाव-सांगलीच्या सौद्यातले बेदाण्याचे दर, हिरवा, पिवळा, काळा असे वेगळे. ग्रुपवर येणारे मेसेज मी रोज रात्री त्यात भरतो. गावातले पंधरा-वीस जण बघतात.

आता मुद्दा. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट, नावं वेगळी पण आतलं इंजिन, म्हणजे कोड वाचून पान पडद्यावर उभं करणारा भाग, एकच: क्रोमियम या गूगलच्या खुल्या कोडमधलं ब्लिंक. त्याबाहेर नाव घ्यावं असं उरलंय ते फायरफॉक्सचं गेको आणि ॲपलचं वेबकिट. त्यातही ब्लिंक हे वेबकिटमधूनच २०१३ साली फुटलेलं, आणि वेबकिट मूळ लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या केडीईवाल्यांच्या केएचटीएमएलमधून आलेलं. म्हणजे भाऊबंदकीच. मला हे बरोबर वाटत नाही. सगळ्या जगाने पान कसं दिसावं हे एकाच इंजिनाने ठरवू नये. म्हणून मी माझ्यापुरतं गेको धरून ठेवलंय.

तुम्ही काय वापरता? आणि ते तुम्ही निवडलंय की फोनबरोबर आलं म्हणून आहे?

डोंबिवली_फास्ट
क्रोम. फोनबरोबर आलं म्हणून. प्रामाणिक उत्तर.

चाफा
मी आयफोनवर फायरफॉक्स वापरते, मुद्दाम निवडून. एक मत गेकोला.

रात्रपाळी
चाफाताई, आयफोनवरच्या फायरफॉक्सच्या आतही वेबकिटच असतं. ॲपलचा नियमच तसा आहे, क्रोमलाही तोच लागू. २०२४ मध्ये युरोपियन युनियनपुरती सूट मिळाली, आपल्याकडे नाही.

चाफा
काय सांगता! चार वर्षं मी समजत होते की मी वेगळ्या वाटेने चाललेय. लॅपटॉपवर तरी आहे ना तेच?

रात्रपाळी
लॅपटॉपवर खरंखुरं गेको आहे, काळजी नसावी.

मोडेमची_शिट्टी
बेदाणा, तुझा धागा वाचून मी पंचविशीत जाऊन आलो. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला मुंबईत इंटरनेट सुरू केलं, त्यानंतर थोड्याच महिन्यांत आमच्याकडे शेल अकाउंट आलं. त्यात चित्रं नाहीत, माउस नाही. काळा पडदा आणि त्यावर लिंक्स नावाचा ब्राउझर, कॅन्सस विद्यापीठात बनलेला. बाणाच्या कळांनी दुव्यावरून दुव्यावर जायचं. फोन लावताना मोडेम शिट्टी मारायचा आणि घरातल्यांना तेवढा वेळ फोन बंद. माझ्या वडिलांनी एकदा रिसीव्हर उचलून त्या कर्कश आवाजाला शांतपणे ‘राँग नंबर’ सांगितलं होतं.

पुढे चित्रांचं अकाउंट घेतलं आणि नेटस्केप पाहिला. पान वरून खाली हळूहळू भरत यायचं आणि आम्ही तिघे मित्र खुर्च्या ओढून बघत बसायचो.

तुझ्या ‘आत डोकावण्या’बद्दल एक सांगतो. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या संशोधन संस्थेत जो पहिला ब्राउझर लिहिला त्यात पान वाचता यायचं आणि त्याच खिडकीत लिहिताही यायचं. वाचणारा तोच लिहिणारा, अशी ती मूळ कल्पना. तू आप्पांसाठी जे करतोयस ते त्याच जातीचं आहे.

बेदाणा
काका, पहिल्याच ब्राउझरमध्ये लिहिता यायचं हे माहीत नव्हतं. आज तिघांना सांगितलं मी कॉलेजात.

सांजवात
मी ऑपेरा मिनीची. फोन नोकियाचा, टूजी, आणि मराठी उघडलं की नुसते चौकोन. मग कुणीतरी सांगितलं की ॲड्रेसच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाइप कर आणि सगळ्यात खाली ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फाँट’ असं काहीतरी आहे तिथे ‘यस’ कर. केलं, सेव्ह केलं, पान पुन्हा उघडलं, आणि चौकोनांच्या जागी मराठी! फोनला अक्षरं येतच नव्हती, ऑपेराचा सर्व्हर ती चित्र करून पाठवायचा. त्या दिवशी मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून रात्री दीडपर्यंत वाचत होते. नंतर हॉस्टेलमधल्या निदान दहा मुलींच्या फोनमध्ये ते ‘यस’ मी करून दिलंय.

मनमाडकर
सांजवात, अगदी अगदी! तो ‘यस’ म्हणजे गुरुमंत्र होता.

कळफलक
त्याच्याही आधीचं सांगतो. मराठी वर्तमानपत्रांच्या साइट्स युनिकोडात, म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, नव्हत्या. प्रत्येकाचा आपला फाँट, आणि तो पानाबरोबर उतरायचा तो फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये. फायरफॉक्समध्ये तेच पान उघडलं की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. मग फायरफॉक्ससाठी ‘पद्मा’ नावाचं एक्स्टेंशन आलं. ते त्या जुन्या फाँटमधला मजकूर ओळखून जागच्या जागी युनिकोडात बदलायचं. तेलुगूसाठी सुरू झालेलं, पुढे इतर भारतीय लिप्यांनाही लागू झालं. ज्या ब्राउझरला पान दिसतच नव्हतं, त्यातच ते कॉपी करता यायला लागलं. मी तेव्हापासून फायरफॉक्सवर आहे आणि मराठी फायरफॉक्सच वापरतो, मेनूसकट. ‘नवीन टॅब’ असं वाचायला बरं वाटतं.

रात्रपाळी
मी पुण्यात फ्रंटएंडचं, म्हणजे साइटचा दिसणारा भाग बनवायचं, काम करतो, रोजचं पोट याच्यावर. बेदाणा, तुझी तळमळ मला आवडली, पण मत पटलं नाही. एक इंजिन असणं वाईटच असं का धरायचं? क्रोमियमचा कोड उघडा आहे, कुणीही घेऊन बदलू शकतो. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीने स्वतःचं इंजिन टाकून २०२० मध्ये क्रोमियमवर एज आणला, ऑपेराने २०१३ मध्येच आपलं प्रेस्टो इंजिन सोडलं. हे लोक वेडे नाहीत. प्रत्येक इंजिनावर तपासणी करायची म्हणजे आमचा दीड दिवस जातो, आणि तो दीड दिवस आम्ही पान जलद करण्यात घालवू शकलो असतो.

मोडेमची_शिट्टी
रात्रपाळी, हेच वाक्य मी २००२ मध्ये माझ्या साहेबांच्या तोंडून ऐकलंय. तेव्हा एक्स्प्लोररचा वाटा ९० टक्क्यांच्या वर होता. सहावी आवृत्ती आली २००१ मध्ये आणि सातवी यायला २००६ उजाडलं. पाच वर्षं! समोर कुणीच नव्हतं म्हणून काम थांबलं. ते हललं कधी, तर ९ नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्स १.० आला आणि लोक तिकडे जायला लागले तेव्हा. फायरफॉक्सचं मूळ नेटस्केपमध्ये. हरत चाललेल्या नेटस्केपने १९९८ मध्ये आपला कोड खुला केला, म्हणून ती ठिणगी राहिली.

रात्रपाळी
काका, इतिहास मान्य. पण तेव्हाचा एक्स्प्लोरर बंद पेटीत होता, क्रोमियम तसा नाही.

वेरूळ
कोड उघडा असला तरी त्यात काय जाणार हे ठरवणारे बहुतेक एकाच कंपनीचे आहेत. एक्स्टेंशनचं ताजं उदाहरण घ्या. क्रोमने मॅनिफेस्ट व्ही३ ही एक्स्टेंशनची नवी पद्धत आणली आणि २०२४-२५ मध्ये जुनी पद्धत बंद केली. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन त्याच्या मूळ रूपात तिथे चालत नाही, हलकी ‘लाइट’ आवृत्ती घ्यावी लागते. फायरफॉक्समध्ये मूळ अजून चालतं. बेदाणाचा एसटीतला डेटा त्यावरच वाचतोय. इंजिनाचा वाद तुमच्या रिचार्जपर्यंत येऊन पोचतो तो असा.

रात्रपाळी
हा मुद्दा बिनतोड आहे. मीसुद्धा घरी त्याच कारणासाठी फायरफॉक्स ठेवलाय. पण दुसरी बाजू बघा, फायरफॉक्सचं बहुतेक उत्पन्न गूगललाच मुख्य सर्च ठेवण्याच्या करारातून येतं. ज्याच्याशी झुंज, त्याच्याच पैशावर घर.

वेरूळ
हो, आणि म्हणूनच अमेरिकेतल्या खटल्याकडे सगळ्यांचे डोळे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी सर्चमध्ये गूगलची बेकायदा मक्तेदारी आहे असा निकाल दिला. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरवताना क्रोम विकायला लावलं नाही आणि असे पैसे देणंही सरसकट बंद केलं नाही. फायरफॉक्सवाल्यांनी तेव्हा सुटकेचा श्वास टाकला असणार.

सेवाकेंद्र_चालक
तालुक्याच्या गावी महा-ई-सेवा केंद्र चालवतो. माझं उत्तर ऐका. माझ्या मशीनवर तीन ब्राउझर आहेत आणि तिन्हींची कामं ठरलेली. एका पोर्टलवर फॉर्म भरायचा तर पॉपअप चालू लागतो. दुसऱ्यावर पॉपअप आला की पान गोठतं. तिसऱ्या एका पोर्टलला डिजिटल सहीचं डोंगल फक्त जुन्या एक्स्प्लोररमध्ये दिसतं. एक्स्प्लोरर स्वतः जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, म्हणून मी ते एजमधल्या ‘आयई मोड’मध्ये उघडतो.

मागच्या जूनची गोष्ट. एक आजी नातीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आल्या, कॉलेज प्रवेशाचा शेवटचा दिवस. सगळी माहिती भरली, आधार झालं, फोटो चढवला, आणि शेवटच्या बटणावर सेशन संपलं. पुन्हा पहिल्यापासून. तीन वेळा. आजी दर वेळी म्हणायच्या, ‘माझंच काही चुकलं का रे बाबा?’ त्यांचं काही चुकलं नव्हतं. पान बनवणाऱ्याने ते एकाच ब्राउझरवर, फास्ट लाइनवर, आपल्या टेबलावर तपासलं होतं. रात्रपाळी, तुमचा तो दीड दिवस आम्हाला हवाय.

रात्रपाळी
दादा, हे वाचून गप्प झालो. दाखला मिळाला का?

सेवाकेंद्र_चालक
मिळाला. संध्याकाळी पावणेसातला चौथ्या वेळी गेला फॉर्म. आजींनी दुसऱ्या दिवशी शेवग्याच्या शेंगा आणून दिल्या.

डोंबिवली_फास्ट
भारतीय ब्राउझर कुणी वापरत नाही का? मध्यंतरी सरकारने स्पर्धा घेतली होती ना?

वेरूळ
हो, २०२३ मध्ये जाहीर झाली, पहिल्या बक्षिसाची रक्कम एक कोटी, आणि मार्च २०२५ मध्ये झोहोला पहिला क्रमांक मिळाला. त्यांचा ब्राउझर ‘उला’. मी महिनाभर वापरला, नीटनेटका आहे, कामाचं आणि घरचं वेगळं ठेवता येतं. इंजिन मात्र क्रोमियमचंच. त्याआधी २०१० मध्ये बंगळुरूचा ‘एपिक’ आला होता, तो सुरुवातीला फायरफॉक्सच्या पायावर होता आणि भारतीय भाषांत टाइप करायची सोय त्यात होती.

मनमाडकर
विषय निघालाच आहे तर, २०१४ मध्ये मी इंटेक्सचा क्लाउड एफएक्स घेतला होता, फायरफॉक्स ओएसचा फोन, १,९९९ रुपये! अख्खा फोन म्हणजेच एक ब्राउझर, प्रत्येक ॲप आतून वेबपान. ती ओएस बंद पडली, पण तिच्याच फांदीतून कायओएस निघाली आणि ती जिओफोनमध्ये गेली. माझ्या आईने त्या जिओफोनवर रोज कीर्तनं ऐकली. तिला सांगितलंही नाही कधी की हा माझ्या त्या लाल कोल्ह्याचा पुतण्या आहे.

कळफलक
मनमाडकर, फायरफॉक्स म्हणजे कोल्हा नाही हो, रेड पांडा! बोधचिन्ह कोल्ह्याचं दिसतं खरं.

मनमाडकर
इतकी वर्षं कोल्हाच म्हणतोय. आता कोल्हाच राहू दे.

बेदाणा
केवढं काय काय कळलं! एक अडचण विचारतो. माझ्या पानावर मी शोधायची पेटी केलीय. काल आप्पांनी त्यात ‘शेतकऱ्यांसाठी’ असं टाइप केलं. बाजार समितीची ‘शेतकऱ्यांसाठी सूचना’ त्याच पानावर डोळ्यांना दिसतेय आणि पेटी म्हणते, ‘काही सापडले नाही’. ‘बेदाणा’ सापडतो, ‘सौदा’ सापडतो. ‘व्यापाऱ्यांनी’ही सापडत नाही. दोन तास घालवले. मजकुरात शब्द आहे का ते बघणारं जावास्क्रिप्टचं साधं इन्क्लूड्स वापरलंय. इंजिनाचा दोष असेल म्हणून दोन्ही ब्राउझरमध्ये बघितलं, दोन्हीकडे तेच.

कळफलक
आता आलास माझ्या गल्लीत. दोन्ही शब्दांत काय समान आहे बघ. अर्धा र, ज्याला छापखान्यात आडवा र म्हणतात. युनिकोडात तो लिहायच्या दोन वाटा आहेत. एक, ०९३१ क्रमांकाचा ऱ, मग हलन्त, मग य. दुसरी, ०९३० चा साधा र, हलन्त, एक न दिसणारा जोडक (झेडडब्ल्यूजे) आणि मग य. ‘ऱ्य’ आणि ‘र्‍य’, डोळ्यांना सारखे, आत वेगळे. आप्पांच्या फोनचा कीबोर्ड पहिला लिहितो, सूचना ज्याने टंकली त्याच्या सॉफ्टवेअरने दुसरा लिहिला. इन्क्लूड्स नुसते क्रमांक जुळवून बघतो.

समतुल्य अक्षरं एका रूपात आणणारं नॉर्मलाइज लावून भागणार नाही, युनिकोडच्या लेखी हे दोन समतुल्य नाहीत. आणि जोडक नुसता पुसून टाकू नकोस, नाहीतर ‘शेतकर्यांसाठी’ होईल, सूर्यातला र्य. नेटवर हे चुकीचं रूप जागोजागी दिसतं, त्याचं कारण हेच. शोधण्याआधी दोन्हीकडचा ‘र, हलन्त, जोडक’ बदलून ‘ऱ, हलन्त’ कर. हाताशी आहेस तर ‘ॲ’चंही बघ. ०९७२ चा एकसंध ॲ युनिकोडात २००८ मध्ये आला, त्याआधीचे लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे. ‘ॲप’ शोधलं तर जुनं ‘अॅप’ सापडत नाही.

श्रवण
मला दिसत नाही, पडद्यावरचं वाचून ऐकवणाऱ्या स्क्रीन रीडरवर काम करतो. एनव्हीडीए नावाचा रीडर आणि फायरफॉक्स, कधी क्रोम. निवडलेलं आहे, आणि निवडताना एकच कसोटी लावली, ऐकायला कुठे अडत नाही ते. बेदाणा, तुझं पान मी आत्ता ऐकलं. चांगलं आहे. दराचा तक्ता खराखुरा तक्ता आहे, त्यामुळे मला रांगेने आणि स्तंभाने फिरता आलं. मोठमोठ्या साइट्सवर हे मिळत नाही.

दोन गोष्टी. शोधायचं बटण मला फक्त ‘बटण’ असं ऐकू येतं, तिथे तू बहुतेक भिंगाचं चित्र ठेवलंयस, त्याला नाव दे. आणि पानाच्या अगदी वरच्या ओळीत भाषा इंग्रजी लिहिलेली राहिलीय. त्यामुळे माझा रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाकडे देतो आणि तो आवाज त्या अक्षरांपाशी अडखळतो.

बेदाणा
श्रवणदादा, ते टेम्प्लेट मी कुठूनतरी उचललेलं, पहिली ओळ कधी वाचलीच नव्हती. आत्ता इंग्रजीच्या ‘ईएन’च्या जागी मराठीचं ‘एमआर’ केलं. बटणाला ‘शोधा’ असं नाव दिलं.

आणि एक गंमत झाली. ती दोन अक्षरं बदलून पान पुन्हा उघडलं, तर ‘ल’ आणि ‘श’ बदलले! आधी ‘ल’ हिंदीच्या पुस्तकातल्यासारखा उभ्या दांडीचा होता, आता पहिलीत गिरवलेला, दोन पाकळ्यांचा. फाँट तोच आहे, नोटो. आई मागे उभी होती, ती म्हणाली, ‘आता कसं आपलं वाटतंय.’ हे कसं काय?

कळफलक
नोटोसारख्या फाँटमध्ये मराठीची वेगळी वळणं भरून ठेवलेली असतात. पान मराठी आहे असं ब्राउझरला कळलं की तो ती मागून घेतो. कळलं नाही तर मूळची दाखवतो. तू आजवर सांगितलंच नव्हतंस त्याला.

रात्रपाळी
बेदाणा, मी आज ऑफिसात आमच्या मराठी पानाची पहिली ओळ उघडून पाहिली. ‘ईएन’. तीन वर्षं तशीच होती. दुरुस्ती पाठवलीय. आणि सोमवारपासून तपासणीच्या यादीत फायरफॉक्स घातलाय, साहेबांना सेवाकेंद्रवाल्या दादांच्या आजींची गोष्ट सांगून.

इंजिनाबद्दल माझं मत थोडं हललंय, पूर्ण नाही. तुला रस असेल तर लेडीबर्ड आणि सर्वो बघ. लेडीबर्ड हे आंद्रेआस क्लिंगने पहिल्यापासून लिहायला घेतलेलं इंजिन, दुसऱ्या कुठल्याही ब्राउझरच्या कोडवर न बेतलेलं. सर्वो मोझिलात २०१२ मध्ये सुरू झालं, आता लिनक्स फाउंडेशन युरोपकडे आहे. दोन्हींचा कोड उघडा आहे. आडव्या र ची चाचणी तिथे कुणी लिहिलीय का ते शोध. नसेल तर तू लिही.

बेदाणा
आज रात्रीच बघतो. सबमिशन आहे उद्या, पण बघतोच.

कळफलक
चाचणी लिहिलीस तर मला दाखव, ॲ पण त्यात घालू.

डोंबिवली_फास्ट
मी काल फोनवर फायरफॉक्स टाकला. मूळ प्रश्नाचं माझं उत्तर बदललंय, नोंद घ्यावी.

श्रवण
पान पुन्हा ऐकलं. ‘शोधा, बटण.’ आणि ‘शेतकऱ्यांसाठी’ शब्द अखंड, मराठीत. शोधून पण पाहिला, सापडला.

बेदाणा
आप्पांनाही सापडला. आजचे दर टाकलेत.

सांजवात
काळ्याचा दर दिसत नाहीये रे माझ्याकडे, आजचा सौदा झाला नाही का?